हेलियमची दंतकथा, विजयदुर्गची भिंत आणि पाण्याखालची शिस्त

१/२७
विजयदुर्ग पाहायला गेलेल्या प्रत्येकाला 'साहेबाचे ओटे' दाखवले जातात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, असे त्यांविषयी सांगितले जाते. ही हकिकत सांगितली जाते तशी घडलेली नाही. मात्र विजयदुर्ग, हेलियम आणि समुद्राचा तळ यांना जोडणारा एक खरा धागा आहे आणि त्यात माणसांच्या जिवाचा प्रश्न गुंतलेला आहे. जामसंड्याहून लिहिलेला आजचा दीर्घ लेख त्याविषयी.

२/२७
आधी दंतकथा तपासू. १८६८ च्या ग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेला होता. जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण येथे निरीक्षकांची पथके होती. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पियेर जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर मात्र त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. त्याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. त्या न जुळण्यातून पुढे नव्या मूलद्रव्याची कल्पना आली.

३/२७
मग विजयदुर्गचे नाव यात आले कोठून? लॉकियर येथे खरोखरच आला होता, परंतु तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्याची मोहीम विजयदुर्गावर उतरली होती आणि ब्रिटिश नौदलाच्या 'मेलपोमेनी' जहाजावरील खलाशी तिच्या मदतीला होते. ओट्यांची आठवण या मोहिमेशी जोडणे अधिक सयुक्तिक ठरते. दोन ग्रहणे, एक माणूस आणि एक किल्ला यांची लोकस्मृतीत सरमिसळ झाली. तिला खोटेपणा म्हणू नये. स्मृतीचा तो स्वभावच आहे. अभ्यासकाने मात्र तारखा वेगळ्या करून मांडायच्या असतात.

४/२७
सूर्यावर आढळलेले हे मूलद्रव्य पृथ्वीवर प्रथम वेगळे केले ते विल्यम रॅम्झीने, १८९५ मध्ये. पुढे १९१९ मध्ये एलिहू थॉमसन या अभियंत्याने एक विचित्र वाटणारी सूचना केली: खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांना साध्या हवेऐवजी हेलियम मिसळलेला प्राणवायू द्यावा. वजनाला हलका, रंग-गंध नसलेला आणि कशाशीही संयोग न पावणारा हा वायू माणसाच्या फुप्फुसात कशासाठी भरायचा? याचे उत्तर समजले की खोल डायव्हिंगच्या प्रशिक्षणाचा निम्मा इतिहास उलगडतो.

५/२७
समुद्रसपाटीवर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे ४० मीटरवर दाब पाचपट होतो. पाणबुड्या ज्या दाबाखाली असतो त्याच दाबाने त्याला श्वास घ्यावा लागतो. साहजिकच प्रत्येक श्वासात वायूचे कण पाचपट जातात, सिलिंडर पाचपट वेगाने रिकामा होतो आणि रक्तात विरघळणाऱ्या नायट्रोजनचे प्रमाणही वाढते. घाईने वर आल्यास तोच नायट्रोजन शरीरात बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर जे दिसते, तेच.

६/२७
या बुडबुड्यांवरचा पहिला शास्त्रीय उपाय जॉन स्कॉट हॉल्डेन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. शेळ्यांवर प्रयोग करून त्यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके तयार केली. उरल्या दोन अडचणी. साधारण ३० मीटरच्या पुढे नायट्रोजन मेंदूला नशेसारखी गुंगी आणू लागतो. आणि ज्या प्राणवायूवर आपण जगतो, तोच दाबाखाली विषारी बनतो. शुद्ध प्राणवायू सुमारे सहा मीटरच्या खाली घेतल्यास झटके येऊ शकतात. पाण्याखाली झटका येणे म्हणजे बहुधा बुडणे.

७/२७
येथे हेलियम उपयोगी पडतो, कारण त्याने गुंगी येत नाही. १९३७ मध्ये मॅक्स नोल हा अमेरिकन पाणबुड्या हेलियम-प्राणवायूच्या मिश्रणावर मिशिगन सरोवरात ४२० फुटांपर्यंत उतरला. १९३९ मध्ये 'स्क्वालस' ही बुडालेली पाणबुडी वर काढण्याच्या कामात अमेरिकी नौदलाने हेच मिश्रण वापरले. आज प्राणवायू, नायट्रोजन व हेलियम यांच्या मिश्रणाला ट्रायमिक्स म्हणतात. १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायचे तेलक्षेत्र सापडले आणि समुद्रतळाशी काम करणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांच्या श्वासातून हेलियम अरबी समुद्रातही पोहोचला. विजयदुर्गच्या गोष्टीतला वायू असा खरोखरच आपल्या किनाऱ्याला लागला.

८/२७
आता किल्ल्याच्या पाण्याकडे वळू. विजयदुर्गजवळ पाण्याखाली जांभ्या दगडाची एक भिंत असल्याचे सागरी पुरातत्त्वज्ञांनी नोंदवले आहे. प्रसिद्ध झालेली मापे अशी: लांबी सुमारे १२२ मीटर, उंची ३ मीटर, रुंदी ७ मीटर, खोली ८ ते १० मीटर. शत्रूची गलबते तिच्यावर आपटून फुटावीत म्हणून मराठ्यांनी ती बांधली, ही कथा आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. किल्ल्यापासून जवळच, वाघोटन खाडीत, खडक कोरून केलेली मराठ्यांची गोदीही आहे.

९/२७
भिंतीचा हेतू कोणता, यावर समाजमाध्यमांत पुष्कळ वाद रंगतात. त्या वादाआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: ही मापे कोणी घेतली? फीत घेऊन, गढूळ पाण्यात, दगडावर हात ठेवून कोणीतरी ती मोजली, म्हणून आपल्याला आकडे मिळाले. मच्छीमाराच्या जाळ्याला लागलेला दगड ही खूण असते. मोजलेला, रेखाटलेला, जागेवरच नोंदवलेला दगड हा पुरावा असतो. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते पार करायला बुडी मारता येणारा पुरातत्त्वज्ञ लागतो.

१०/२७
भारतात असे अभ्यासक घडवण्याचे काम गोव्यात सुरू झाले. १९८१ मध्ये डॉ. शिकारीपूर रंगनाथ राव यांच्या नेतृत्वाखाली दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्व केंद्र उभे राहिले. लोथलचे उत्खनन करणारे हे पुरातत्त्वज्ञ आता द्वारकेच्या समुद्राकडे वळले होते. सोबतच्या तरुण अभ्यासकांना उत्खननाबरोबर डायव्हिंगही शिकावे लागले. जमिनीवर चुकलेली नोंद दुसऱ्या दिवशी सुधारता येते. पाण्याखाली मात्र मिनिटे मोजकी असतात आणि कोणी गाळ ढवळला की सारे दिसेनासे होते.

११/२७
या शिक्षणाचे फळ गोव्याच्याच पाण्यात दिसले. सुंची रीफ येथील सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांतून तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. आफ्रिका, चीन आणि गोवा यांना जोडणारा व्यापार एकाच खडकावर सापडला. कोणत्याही दप्तरात हे सारे एका पानावर लिहिलेले नसते. समुद्र हेही एक दप्तरखानाच आहे. फक्त त्याच्या वाचनालयात शिरण्याची परीक्षा वेगळी असते.

१२/२७
आपल्या किनाऱ्यावरच्या या दप्तराचे एक पान १७५६ चे आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह यांच्या इंग्रजी सैन्याने विजयदुर्गावर हल्ला केला. तोफगोळ्याने 'रिस्टोरेशन' जहाजाला आग लागली, ती पसरत गेली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. मराठी आरमाराच्या इतिहासातील हा अत्यंत दुःखद प्रसंग. त्या आरमाराविषयी आपण जे वाचतो त्यातील फार मोठा भाग जिंकणाऱ्यांनी लिहिलेला आहे. गाळात काही उरले असेल, तर तो पराभूतांच्या बाजूचा साक्षीदार ठरेल.

१३/२७
पाण्यात उतरण्याची विद्या कोकणाला परकी नाही. गाबीत आणि इतर दर्यावर्दी समाजांत अडकलेले जाळे सोडवण्यासाठी, नांगर मोकळा करण्यासाठी श्वास रोखून बुडी मारणारे पिढ्यान्‌पिढ्या होत आले. वारा, करंट, भरती-ओहोटी यांचे त्यांचे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. पण श्वास रोखून मारलेल्या बुडीत शरीर स्वतःच घड्याळाचे काम करते आणि दम संपला की वर यावेच लागते. पाठीवर सिलिंडर आला की हे नैसर्गिक घड्याळ बंद पडते. मग ते काम शिकलेल्या नियमांनी करावे लागते.

१४/२७
आणि डोक्यावर छत असेल तर? गुहा, बोगदा, बुडालेल्या जहाजाचे पोट: अशा जागी काही बिघडले तरी सरळ वर येता येत नाही. १८७९ मध्ये ब्रिटनमधील सेव्हर्न रेल्वे बोगदा बांधकाम चालू असतानाच पाण्याने भरला. पाणी उपसण्यासाठी आतले लोखंडी दार बंद करणे आवश्यक होते आणि ते सुमारे हजार फूट आत होते. अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या शिरस्त्राण व हवेची नळी घेऊन निघाला, पण एवढी लांब नळी अंधारात ओढत नेणे अशक्य झाले.

१५/२७
तेव्हा हेन्री फ्लूसचे नवे उपकरण पुढे आले. पाणबुड्याने सोडलेला श्वास त्यात साठवला जाई, त्यातील कार्बन डायऑक्साइड रसायनाने शोषला जाई आणि ताजा प्राणवायू मिसळून तोच श्वास परत दिला जाई. नळीची गरजच संपली. नोव्हेंबर १८८० मध्ये लँबर्टने दुसऱ्या खेपेत ते दार बंद केले. आज ज्याला रिब्रीदर म्हणतात त्याचा हा पूर्वज. बंदिस्त जागेतील डायव्हिंग आणि रिब्रीदर यांची गाठ अशी सुरुवातीलाच पडली, तीही रेल्वेच्या कामासाठी.

१६/२७
गुहेत हौसेने उतरण्याची परंपरा १९३५ मध्ये इंग्लंडच्या वूकी होल गुहेत सुरू झाली. ग्रॅहम बाल्कम, जॅक शेपर्ड आणि त्यांचे साथीदार शिरस्त्राण घालून त्या काळोख्या पाण्यात शिरले. १९४६ मध्ये बाल्कमच्या पुढाकाराने 'केव्ह डायव्हिंग ग्रुप' स्थापन झाला. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग तयार केले होते. युद्ध संपल्यावर ते बाजारात आले आणि पाण्याखाली जाणे सोपे झाले. संकटाला सुरुवात झाली ती याच सोपेपणातून.

१७/२७
अमेरिकेच्या फ्लोरिडात जमिनीखाली चुनखडीच्या, काचेसारख्या स्वच्छ पाण्याच्या गुहा आहेत. १९६० च्या दशकापासून तेथे शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्यांनी गुहेचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले नव्हते. काही तर उघड्या समुद्रातील डायव्हिंगचे शिक्षक होते! आत जाताना सारे स्वच्छ दिसते. परतताना स्वतःच्याच पायांनी उडवलेल्या गाळात हात दिसत नाही आणि दार कोणत्या दिशेला आहे हे कळेनासे होते. सरकारने गुहा बंद कराव्यात, अशी मागणी होऊ लागली.

१८/२७
यावर गुहा-पाणबुड्यांनी जे उत्तर दिले ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटेल. शेक एक्सली या गणिताच्या शिक्षकाने अपघातांच्या नोंदी जमवल्या, त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि कोणती चूक पुन्हापुन्हा दिसते ते शोधले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याने हे निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. बाहेरच्या उजेडापर्यंत अखंड मार्गदोरी असावी. दोन-तृतीयांश हवा परतीसाठी राखावी. ठरल्या खोलीपलीकडे जाऊ नये. पुढे या यादीत प्रशिक्षण आणि प्रत्येकी तीन दिवे यांची भर पडली.

१९/२७
'तृतीयांशाचा नियम' आकड्यांतून पाहू. दोघे साथीदार प्रत्येकी २०० बार हवा घेऊन आत निघाले. सुमारे ६६ बार संपताच दोघांनी वळायचे. प्रत्येकाकडे १३४ उरतात. नेमक्या त्याच क्षणी एकाचे उपकरण निकामी झाले, तर उरलेल्या १३४ बारमध्ये दोघांना बाहेर यायचे आहे आणि प्रत्येकाला ६६ लागणार आहेत. हिशेब जेमतेम जुळतो. घाबरून श्वास वाढला, तर तोही जुळत नाही. म्हणून अनुभवी माणसे तृतीयांशाहूनही कमी हवा वापरून वळतात. हा नियम कंजूषपणाचा नव्हे. ती साथीदाराला दिलेली हमी आहे.

२०/२७
नियम करणाऱ्यालाही समुद्र वा गुहा सवलत देत नाही. स्वतः एक्सली एप्रिल १९९४ मध्ये मेक्सिकोतील साकातोन या अतिखोल कुंडात विक्रमी खोलीचा प्रयत्न करताना मरण पावला. तो त्या काळातील अत्यंत अनुभवी गुहा-पाणबुड्यांपैकी एक होता आणि त्याच्या श्वासातही हेलियमचे मिश्रण होते. त्याच्या मृत्यूने त्याचे नियम खोटे ठरले नाहीत. फक्त एवढे कळले की नियम धोका कमी करतात, नाहीसा करत नाहीत.

२१/२७
१९९० च्या सुमारास मायकल मेंड्यूनो या पत्रकाराने 'टेक्निकल डायव्हिंग' ही संज्ञा रूढ केली. साध्या हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर, आणि वर येण्याचा मार्ग नेहमी मोकळा. त्यापलीकडचे ते टेक्निकल: अधिक खोली, डोक्यावर छत, टप्प्याटप्प्याने थांबत वर येणे, अनेक मिश्रणे. त्याचे शिक्षण पायऱ्यांनी होते. आधी पाण्यात न हलता तरंगता यायला हवे. मग डोळे झाकून दोरी चाचपत बाहेर येणे, हरवलेली दोरी शोधणे, पाठीमागची झडप हाताने बंद करणे. जमिनीवर शंभरदा केलेले काम अंधारात एकदा जमते.

२२/२७
रिब्रीदरचे प्रशिक्षण याहूनही अवघड मानले जाते, कारण हे यंत्र शांतपणे दगा देते. सिलिंडर संपत आला की श्वास ओढताना कळते. रिब्रीदरमध्ये प्राणवायू कमी पडला तर कसलीच पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपते. धाप लागत नाही, गुदमरल्यासारखेही वाटत नाही. जास्त झाला तर झटके. शोषक रसायन निकामी झाले तर कार्बन डायऑक्साइड साचतो आणि विचारशक्तीच मंदावते. ज्या मेंदूने संकट ओळखायचे, त्याच्यावरच पहिला घाव बसतो.

२३/२७
म्हणून या शिक्षणाचा गाभा म्हणजे अविश्वास. पाण्यात शिरण्यापूर्वी लेखी यादी वाचून प्रत्येक भाग तपासायचा. एका संवेदकावर भरवसा न ठेवता तीन ठेवायचे आणि त्यांची आकडेवारी सतत पाहत राहायचे. किंचितही शंका आली तर यंत्र सोडून सोबतच्या स्वतंत्र सिलिंडरवर जायचे. आणि एका बनावटीच्या यंत्रावर शिकलेल्याने दुसऱ्या बनावटीवर पुन्हा शिकायचे. तीन साधनांची साक्ष पडताळणे आणि एकाच बखरीवर विसंबून न राहणे, या दोहोंमागची बुद्धी एकच.

२४/२७
२०१८ मध्ये हे शास्त्र साऱ्या जगाने पाहिले. २३ जून रोजी थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुले व त्यांचा प्रशिक्षक पुराने अडकले. २ जुलैला रिक स्टँटन व जॉन व्होलॅन्थन या ब्रिटिश गुहा-पाणबुड्यांनी त्यांना शोधले. पोटापाण्याला एक अग्निशामक दलात काम केलेला, दुसरा संगणक क्षेत्रातला. दोघेही गुहेच्या हौसेत मुरलेले. ६ जुलैला थाई नौदलाचा माजी जवान समन कुनान सिलिंडर पोहोचवून परतताना मरण पावला. त्याच्या शौर्याबद्दल शंकाच नाही. पण पूर आलेली गुहा शौर्याकडून वेगळेच शिक्षण मागते.

२५/२७
८ ते १० जुलै या तीन दिवसांत सर्व १३ जण सुखरूप बाहेर आले. या कामात एक मराठी दुवाही होता. पाणी उपसण्यासाठी भारताने किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तेथे पाठवले होते. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीच्या पंपांचे ज्ञान थायलंडच्या डोंगरात कामी आले. आपल्या घरचे प्रसंगही आठवावेत. २०१३ मध्ये मुंबईच्या गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडी स्फोटाने बुडाली, १८ नौसैनिक गेले आणि नौदलाचे पाणबुडे काळ्या पाण्यातून त्या वाकलेल्या लोखंडात शिरले. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल कोसळला, तेव्हाही पुराच्या पाण्यात नौदलाचे आणि आपत्ती प्रतिसाद दलाचे लोक दिवसेंदिवस शोध घेत होते.

२६/२७
आता आपला जिल्हा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग प्रशिक्षण संस्था तारकर्लीला आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचे नाव तिच्या उभारणीशी जोडलेले आहे. स्थानिक तरुणांना येथे डायव्हिंगचा व्यवसाय शिकता येतो. मालवणला पर्यटक शिक्षकाचा हात धरून काही मीटर खाली जाऊन येतो तो अनुभव असतो, प्रशिक्षण नव्हे. हा फरक त्याला सांगायला हवा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. म्हणजे शिस्त पाण्याखालीच नव्हे, किनाऱ्यापासूनच सुरू व्हावी लागते. नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका निवती रॉकजवळ समुद्रतळी ठेवून संग्रहालय करण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला आहे. जहाज बाहेरून पाहणे वेगळे आणि त्याच्या पोटात शिरणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला फ्लोरिडाच्या गुहेचेच नियम लागू होतात.

२७/२७
आणखी पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा प्रवाळांचा बुडीत पठारप्रदेश आहे. माथा सुमारे २० मीटरवर, कडा मात्र शेकडो मीटर खोल. विजयदुर्गची भिंत साध्या डायव्हिंगच्या टप्प्यात आहे. या कडा नाहीत. तेथे उतरणाऱ्याला ट्रायमिक्स लागेल, म्हणजे हेलियम लागेल.

हेलियम विजयदुर्गावर सापडला, हा अभिमान फुकटचा आहे. त्यासाठी आपल्याला काहीच करावे लागत नाही. देवगड-मालवणचा एखादा तरुण किंवा तरुणी हेलियमच्या मिश्रणावर आंग्रिया बँकेच्या कड्याची नोंद करून सुखरूप परतली, तर तो अभिमान कमावलेला असेल. त्यासाठी वर्षानुवर्षांचे शिक्षण हवे, आणि एक-तृतीयांश हवा संपताच, समोर कितीही सुंदर काही दिसत असले तरी, मागे वळण्याची शिस्त हवी.

किल्ल्यावर जाल तेव्हा साहेबाचे ओटे अवश्य पाहा. सोबतच्यांना १८९८ ची हकिकत सांगा, मग तटावरून खाली पाण्याकडे बोट दाखवा. पुढील लेख वाघोटन खाडीतील मराठ्यांच्या गोदीविषयी असेल. त्याविषयी तुमच्या घरात कागदपत्रे वा आठवणी असतील, तर खाली जरूर लिहा.